पटात पडलेला धाकटा भाऊ दुखणे लपवतो आहे. त्याच्याशी कसे बोलावे?

काळीमाती (धामणगाव रेल्वे तालुका)

माझा धाकटा भाऊ २२ वर्षांचा आहे आणि गेली तीन वर्षे तो शंकरपटात धुरकरी म्हणून उतरतो. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की आमच्याकडच्या पटात दोन बैलांच्या जोडीला अगदी हलका छकडा जुंपलेला असतो, त्यावर जोडी हाकणारा एकटा धुरकरी असतो, आणि सरळ रेषेतली ती धाव काही सेकंदांत संपते. निकाल सेकंदाच्या अपूर्णांकावर लागतो. बसायला धड जागा नसते आणि धरायला कासऱ्याशिवाय काही नसते. तळेगाव दशासरचा पट आमच्याच तालुक्यातला, त्यामुळे आम्ही दोघे भाऊ हे सर्व लहानपणापासून पाहत आलो आहोत.

मागच्या महिन्यात एका पटात शेवटची रेषा ओलांडल्यावर जोडी उजवीकडे ओढली गेली, छकड्याचे एक चाक उचलले गेले आणि तो डोक्यावर आपटला. मी कडेलाच उभा होतो. तो लगेच उठला, अंगावरची माती झटकली, हात उंच करून लोकांना दाखवला, आणि लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. पाच मिनिटांनी त्याने मला विचारले की आपली धाव झाली का व्हायची आहे. त्या रात्री त्याला दोनदा उलटी झाली, तिचा दोष त्याने बाहेरच्या जेवणाला दिला. सहाव्या दिवशी तो दुसऱ्या गावच्या पटात उतरला. आता महिना होत आला. त्याचे डोके दुखते हे मला त्याने सांगितलेले नाही. धुवायला टाकलेल्या सदऱ्याच्या खिशात गोळ्यांची रिकामी पाकिटे सापडली, त्यावरून कळले. ट्रॅक्टरचा आवाज त्याला सहन होत नाही, आईवर कधी आवाज न चढवणारा मुलगा आता तिच्यावर चिडतो, आणि रात्री केव्हाही पाहावे तर जागा असतो. विचारले की एकच उत्तर मिळते, "काई नाई झालं मले."

बैलजोडी आमची नाही, शेजारच्या गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याची आहे. पण हंगामात ती आमच्याच गोठ्यात असते आणि तिचे सगळे भाऊच करतो. गेल्या आठवड्यात रात्री अकराच्या सुमारास मी गोठ्याकडे गेलो, तेव्हा तो एका बैलाच्या मानेवर कपाळ टेकवून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. माझी चाहूल लागताच त्याने दुपट्ट्याने तोंड पुसले आणि बैलाच्या खांद्याला तेल लावत होतो असे सांगितले. तेलाची वाटी तिथे नव्हती. मी काही न बोलता परत आलो, आणि तेव्हापासून मला झोप नाही.

माझा दोषही येथे मांडला पाहिजे. आमचे वडील गेले तेव्हा तो १४ वर्षांचा होता आणि मी २६ वर्षांचा. स्मशानातून परतताना त्याला हुंदके आवरेनात, तेव्हा मीच त्याचा दंड घट्ट धरून म्हणालो होतो, "रडू नको, घरात आता आपण दोघंच माणसं आहो." त्यानंतर तो रडलेला मी पाहिला नाही, तो थेट त्या रात्री गोठ्यात पाहिला. ज्या मुलाला मीच गप्प बसायला शिकवले, त्याला आता बोल म्हणून कोणत्या तोंडाने सांगू? पुढचा पट १२ दिवसांवर आहे. त्याला बळाने अडवावे का, आणि त्याचा मान न दुखवता त्याला दवाखान्यात कसे न्यावे, याविषयी अनुभवी लोकांनी कृपया लिहावे.

ग्रामीण वैद्यकीय अधिकारी (यवतमाळ जिल्हा)

बाकीची चर्चा होत राहील, पण दवाखान्याचे काम आधी करा आणि उद्याच करा. पडल्यानंतर आपली धाव झाली की नाही हे न आठवणे, त्याच रात्री उलट्या होणे, आणि महिनाभर डोकेदुखी, चिडचिड, आवाज असह्य होणे व झोप उडणे, हे सर्व मेंदूला मार बसल्याचे लक्षण आहे. हा मार बाहेरून दिसत नाही, जखम नसते, रक्त नसते, म्हणून घरच्यांना आणि रुग्णालाही तो खरा वाटत नाही. कवटीच्या आत सावकाश रक्त साचत गेल्यास त्रास काही दिवसांनी किंवा आठवड्यांनीही वाढू शकतो, त्यामुळे इतक्या दिवसांत काही झाले नाही म्हणून निश्चिंत राहू नये. सेवाग्राम किंवा नागपूर येथे नेऊन डोक्याचा सीटी स्कॅन लागतो का ते डॉक्टरांना ठरवू द्या. डोकेदुखी एकाएकी वाढली, वारंवार उलट्या झाल्या, बोलणे अडखळू लागले, एका बाजूचा हात किंवा पाय जड वाटला, फीट आली, किंवा तो उठवूनही नीट जागा होत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच वेळी १०८ ला फोन करा.

गोळ्या कोणत्या आहेत ते पाहा आणि पाकिटे बरोबर न्या, कारण दुकानातून मनाने घेतलेल्या काही वेदनाशामक गोळ्यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. पहिला मार पूर्ण बरा होण्याआधी डोक्याला दुसरा मार बसणे फार धोक्याचे असते, आणि तो सहाव्या दिवशी उतरला ही गोष्ट वाचून मला खरोखर भीती वाटली. डॉक्टर मोकळीक देईपर्यंत पट नाही, मोटारसायकल नाही आणि दारू नाही. यात मानापमानाचा प्रश्न येऊ देऊ नका.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. तुमचा भाऊ आईवर चिडतो किंवा रात्री रडतो, यामागे त्याच्या स्वभावाइतकाच हा मारही असू शकतो. मेंदूच्या अशा दुखापतीनंतर मन खचणे, विनाकारण रडू येणे हे नेहमी आढळते. त्याला हे समजले तर कदाचित त्याला आपल्या रडण्याची लाज कमी वाटेल. मन फार बुडाल्यासारखे बोलू लागला, तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते.

जुना धुरकरी (लाखनी, भंडारा जिल्हा)

भाऊ, मी ५८ वर्षांचा आहे आणि ४० वर्षांचा होईपर्यंत जोड्या हाकल्या. आमच्या भागात पटाबरोबर गावाची मंडई म्हणजे जत्रा असते, रात्री झाडीपट्टीचे नाटक असते, पाहुण्यांनी घरे भरलेली असतात, आणि लग्नाच्या मुलीही पाहुणीच म्हणून आलेल्या असतात. एवढ्या लोकांसमोर पडलेला पोरगा उठून हात वर करणारच. मीही केला आहे. माझा डावा खांदा निखळला होता आणि मी उजवा हात वर केला, त्यामुळे कोणाला काही कळले नाही. पुढे सहा महिने मी वैरणीचा भारा उजव्याच खांद्यावर घेत राहिलो आणि बायकोलासुद्धा सांगितले नाही. तो खांदा आजही कानाच्या वर जात नाही.

जोडी सुटण्यापूर्वीच्या क्षणी काय होते, ते धुरकऱ्याशिवाय कोणाला ठाऊक नसते. तोंड कोरडे पडते, पोटऱ्या थरथरतात, आणि हाताची ती थरथर कासऱ्यातून सरळ वेसणीपर्यंत जाते. माणसाला जे कळत नाही ते बैलाला कळते. माझ्या गुरूने मला पहिल्याच दिवशी विचारले होते की भेव वाटते का, आणि मी नाही म्हणालो तेव्हा त्यांनी मला त्या हंगामात छकड्यावर पाय ठेवू दिला नाही. ज्याला आपली भीती कळत नाही तो बैल केव्हा बुजेल हेही ओळखू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आम्ही दोन वर्षे केवळ धाव संपल्यावर सुटलेल्या जोड्या धरण्याचे काम केले. पडताना हनुवटी छातीला लावायची, कासरा मनगटाला कधी गुंडाळायचा नाही, चाकाच्या विरुद्ध अंगाला लोळायचे, हे सर्व आम्हाला नांगरलेल्या वावरात पडून पडून शिकवले गेले.

ही शिकवण तुटली, असे माझे स्पष्ट मत आहे. २०१४ च्या मे महिन्यात बैलांच्या शर्यतींवर बंदी घालणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळेपर्यंत आमच्याकडचे पट जवळजवळ बंद होते. बैलांचे जे हाल होत होते, तुतारीची (हाकायच्या काठीची) खिळी टोचली जात होती, शेपटी पिरगाळली जात होती, ते थांबायलाच हवे होते, याविषयी मला शंका नाही. परंतु त्या साडेसात वर्षांत जुने धुरकरी म्हातारे झाले किंवा वारले, आणि आज उतरणारी २०-२२ वर्षांची पोरे तेव्हा शाळेत होती. त्यांना जोडी मिळाली, मोबाइलवरचे व्हिडिओ मिळाले, पण "भेव वाटते का" असे विचारणारा म्हातारा मिळाला नाही. तुमच्या भावाला कोणी विचारले असेल असे मला वाटत नाही.

तुम्ही त्याला समोर बसवून प्रश्न विचारू नका. पोरगा समोरासमोर बोलत नाही. त्याच्याबरोबर बैल धुवायला जा, एका बैलाकडे तो आणि दुसऱ्याकडे तुम्ही, म्हणजे मध्ये दोन बैल राहतील आणि तोंड पाहावे लागणार नाही. आणि पहिल्यांदा तुम्ही बोला. स्मशानवाटेची जी गोष्ट तुम्ही येथे आम्हा अनोळखी लोकांना लिहिली, ती त्याला अजून सांगितलेली नसेल, तर ती त्याचीच आहे आणि त्याला द्या.

दूरचा वऱ्हाडी

मी मूळचा दारव्ह्याचा असून सध्या नोकरीनिमित्त अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात राहतो. येथे रोडिओ नावाचा खेळ असतो आणि त्यातला सर्वांत धोक्याचा प्रकार म्हणजे मोकाट उसळणाऱ्या वळूवर बसणे. सातआठशे किलोचा वळू, त्याला बांधलेली एक दोरी, ती धरायला एकच हात, आणि टिकायचे आठ सेकंद. गुण शंभरपैकी असतात, त्यातले निम्मे स्वाराचे आणि निम्मे वळूचे. पहिल्यांदा पाहायला गेलो तेव्हा मला आपला पटच आठवला. खेळ अगदी निराळा आहे, पण फेकल्या गेलेल्या पोराने लंगडत उठून टोपी हलवणे आणि कडेला गेल्यावर गुपचूप तोंड फिरवणे हे तंतोतंत तेच होते.

येथे १९८९ च्या ३० जुलैला शायेन गावच्या रोडिओत लेन फ्रॉस्ट हा विश्वविजेता स्वार आठ सेकंद पूर्ण करून खाली उतरला, आणि वळूने मागून शिंगाने धडक दिल्यामुळे तेथेच गेला. त्याचा सहकारी स्वार कोडी लॅम्बर्ट याने त्यानंतर छाती-पाठ वाचवणारे जाकीट तयार केले, आणि आज ते सगळे घालतात. तरीही २०१९ च्या जानेवारीत डेन्व्हरला मेसन लो हा स्वार जाकीट अंगात असताना वळूच्या पायाखाली सापडून गेला. कॅनडातल्या टाय पोझोबॉनची गोष्ट तुमच्या प्रश्नाला अधिक जवळची आहे. त्याच्या डोक्याला अनेकदा मार बसला होता, तो मनाने खचत गेला आणि २०१७ च्या जानेवारीत त्याने स्वतःचा जीव घेतला. घरच्यांनी त्याचा मेंदू तपासणीसाठी दिला, तेव्हा वारंवार बसलेल्या माराने मेंदू झिजण्याचा जो आजार होतो, तो एखाद्या वळूस्वारात प्रथमच निश्चितपणे आढळला. या तिघांचेही वय मृत्यूच्या वेळी २५ वर्षांचे होते.

या खेळाच्या मोठ्या व्यावसायिक संघटनेने नियम केला आहे की १५ ऑक्टोबर १९९४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या स्वाराने शिरस्त्राण घातलेच पाहिजे. जुन्या स्वारांना त्यांनी मोकळे सोडले, कारण त्यांच्यासाठी डोक्यावरची ती रुंद टोपी म्हणजे पुरुषाची खूण होती. माझ्या मते तो नियम शहाणपणाचा होता. हेल्मेट घालू का, असे पोराला स्वतः विचारावे लागले तर तो कधीच विचारणार नाही. सगळ्यांनाच घालावे लागले तर त्यात कोणाची मानहानी होत नाही. आपल्या पट समित्यांनी हे का करू नये? मी गेल्या वर्षी सुट्टीत जे दोन पट पाहिले, त्यांत धावण्यापूर्वी बैलांची डॉक्टरांकडून तपासणी झाली, आणि ती अत्यंत योग्यच आहे. धुरकरी मात्र डोक्याला रुमाल बांधून होते.

दोनदा विश्वविजेता ठरलेला जे. बी. मॉनी हा जुन्या पिढीतला, टोपी घालूनच बसणारा स्वार होता. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये त्याची मान मोडली आणि तो निवृत्त झाला. ज्या वळूने त्याला फेकले तो वळू नंतर त्याने आपल्या घरी आणून सांभाळला. तुमच्या भावाने बैलाच्या मानेवर कपाळ टेकवले हे वाचताना मला ते आठवले.

जोडीमालक (हिंगणघाट)

वरच्या मंडळींचा मान राखून थोडे वेगळे लिहितो. दवाखान्यात न्यायलाच हवे, त्याविषयी वाद नाही. पण हिंमत हा या कामाचा पाया आहे आणि सारखे भीतीबद्दल बोलत राहिल्याने पोरांची हिंमत जाते, असा माझा अनुभव आहे. शिवाय आजच्या दिवसांत शेतकऱ्याच्या मुलाला नोकरी नाही, कापसाला भाव नाही, आणि शेती करतो म्हटले की मुलगी द्यायला कोणी तयार होत नाही. वर्षातल्या त्या चार सेकंदांत दहा गावे त्याचे नाव घेतात. ते काढून घेतले तर त्याच्याजवळ काय उरेल, याचाही विचार करा. माझा धुरकरी पडला तर त्याचा खर्च मी करतो आणि त्याची जागा त्याच्यासाठी राखून ठेवतो. तुमच्या जोडीमालकाशी तुम्ही स्वतः बोला. पोराला खरी भीती पडण्याची नसून जागा जाण्याची असू शकते.

आर्वीची लेक

जोडीमालक भाऊंच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे, आधीच्यांशी नाही. माझे वडील धुरकरी होते आणि माझे पतीही आहेत. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरी खांदशेकणी होते, तेव्हा हळद आणि लोणी लावून बैलांचे खांदे शेकले जातात, वर्षभर जू वाहून जिथे कातडी निबर झाली तिथे हात फिरवला जातो, आणि "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या" असे त्यांना मानाने सांगितले जाते. वडील त्या वेळी बैलाशी जे बोलत ते मी दाराआडून ऐकलेले आहे. "लई ओझं झालं ना रे तुले, माफ कर" असे ते म्हणत, आणि त्यांचे डोळे भरून येत, आणि त्याला कोणी हसत नसे. आमच्या घरातला तो एकच दिवस होता ज्या दिवशी पुरुषाने रडलेले चालत असे, आणि तेही बैलाच्या नावाने. मला किती वाटे की आईने त्यांचाही खांदा असाच सर्वांसमोर शेकावा.

आम्हा बायकांना हे माहीत नसते असे समजू नका. तुमच्या आईला उलट्यांचे, गोळ्यांचे, रात्रीच्या जागरणाचे सर्व माहीत असेल. ती तुमच्या दोघांच्या अभिमानाला जपून गप्प असेल. तिला या बोलण्यातून वगळू नका. आणि तुमच्या भावाला सांगा की तळेगावच्या पटात बायकांच्याही जोड्या धावल्या आहेत, त्यामुळे "बाईसारखा रडू नको" हे वाक्य पटाच्या मैदानावर तरी आता कोणी वापरू नये.

काळीमाती

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेबांचे उत्तर वाचले त्याच रात्री मी आईजवळ बसलो. तिला खरोखरच सर्व ठाऊक होते. पाकिटेही तिनेच मोजून ठेवली होती.

सकाळी मी जुन्या धुरकरी काकांनी सांगितल्याप्रमाणे भावाबरोबर बैल धुवायला गेलो. अर्धा तास मला बोलताच आले नाही. मग मी बैलाची पाठ घासत घासत सांगितले की बाबा गेले त्या रात्री तुला गप्प करून मी स्वतः तुरीच्या वावरात जाऊन पहाटेपर्यंत रडलो होतो, आणि तुला एकट्याला घरी ठेवून गेलो याची मला आजवर लाज वाटते. पलीकडून पाण्याचा आवाज थांबला. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "मले वाटलं तुले रडूच नाई आलं, दादा." त्यानंतर त्याने जे सांगितले ते सगळे येथे लिहिणार नाही. एवढेच लिहितो की पडल्यापासून त्याला डाव्या बाजूचे धूसर दिसत होते, जोडी सुटताना त्याला हाताची बोटे जाणवत नव्हती, आणि जागा जाईल या भीतीने तो पुन्हा उतरला होता.

आम्ही दुसऱ्याच दिवशी त्याला मोठ्या रुग्णालयात नेले, आई बरोबर होती. स्कॅनमध्ये रक्त साचलेले नाही. डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या, डोळ्यांच्या तपासणीला पाठवले, या हंगामात छकड्यावर चढायचे नाही असे लिहून दिले, आणि मनाच्या डॉक्टरांचीही एक भेट ठरवली. त्या भेटीचे नाव काढताच त्याचा चेहरा उतरला होता, पण तो नाही म्हणाला नाही. जोडीमालकांना मी कागद नेऊन दाखवला. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि धुरकरी बदलला तरी जोडी आमच्याच गोठ्यात राहील असे सांगितले. हेल्मेटचा विषय मी काढला, तेव्हा समितीच्या बैठकीत मांडू म्हणाले. मी त्या बैठकीला जाणार आहे.

काल संध्याकाळी आईने खोबरेल कोमट करून आणले, आधी दोन्ही बैलांच्या खांद्यांना लावले आणि मग त्याला ओट्यावर बसवून त्याच्या डोक्याला लावले. तो बसून राहिला. मंगळवारी पुन्हा दाखवायला जायचे आहे, त्यानंतर येथे लिहीन.